विकत घेतलेला खेळ कोणाचा?

पुस्तक विकत घेणाऱ्या माणसाला त्या पुस्तकाबरोबर तीन हक्क आपोआप मिळतात. ते त्याने हवे तेव्हा वाचावे, वाचून झाल्यावर कोणालाही द्यावे किंवा विकावे, आणि त्याच्या पश्चात ते त्याच्या वारसांकडे जावे. हे हक्क इतके अंगवळणी पडलेले आहेत की, त्यांचा वेगळा उच्चार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या खेळांच्या बाबतीत मात्र गेल्या वीस वर्षांत यांपैकी दुसरा व तिसरा हक्क जवळजवळ नाहीसा झाला आहे आणि पहिल्याला अटी जोडल्या गेल्या आहेत. विशेष म्हणजे, बहुसंख्य खेळाडूंनी हा बदल अखेरीस राजीखुषीने स्वीकारला. त्याचे फायदे ते मनापासून सांगतात आणि त्याच दमात त्याविषयीची धास्तीही बोलून दाखवतात. ही दुहेरी भावना कशातून निर्माण झाली, हे येथे पाहावयाचे आहे.

भूखंड आणि परवाना

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. होसूर आणि सर्जापूर या गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरून तिला हे नाव पडले. बंगळूर विकास प्राधिकरणाने 1980 च्या दशकात ती आखली. प्राधिकरणाच्या 1984 च्या वाटप-नियमांनुसार, ज्याला भूखंड मिळे तो प्रथम त्याचा मालक होत नसे. तो भाडेपट्टेदार असे. पैसे भरून, अटी पाळून दहा वर्षे गेली की प्राधिकरण त्याच्या नावे खरेदीखत करून देई. म्हणजे भाडेपट्टा हा मालकीकडे जाणारा जिना होता. त्याला किती पायऱ्या आहेत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असे.

आज याच वसाहतीत संगणक-व्यवसायात काम करणारे तरुण मोठ्या संख्येने भाड्याच्या खोल्यांतून राहतात. त्यांत पुण्या-नागपुराकडून आलेले मराठी तरुणही आहेत. अशा तरुणाने रात्री कामावरून परतल्यावर खेळण्यासाठी शंभर खेळ घेतलेले असले, तर ते बहुधा ‘स्टीम’ या एकाच दुकानातून घेतलेले असतात. त्यांतील प्रत्येक खेळ हा कायद्याच्या भाषेत परवाना असतो. या परवान्याला शेवटची पायरी नाही. दहा वर्षांनी काय, पन्नास वर्षांनीही त्याचे खरेदीखत होत नाही.

विरोधापासून सवयीपर्यंत

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने 12 सप्टेंबर 2003 रोजी स्टीम सुरू केले. कंपनीच्या स्वतःच्या खेळांतील सुधारणा खेळाडूंच्या संगणकांपर्यंत वेळेवर पोचाव्यात, एवढाच तेव्हा मुख्य हेतू होता. नोव्हेंबर 2004 मध्ये ‘हाफ-लाइफ 2’ हा बहुप्रतीक्षित खेळ आला. दुकानातून तबकडी विकत आणलेल्या माणसालाही तो खेळण्यासाठी स्टीमवर खाते उघडणे भाग पडले. पहिल्या दिवसांत कंपनीच्या यंत्रणेवर ताण आला आणि पैसे मोजूनही लोकांना तिष्ठत बसावे लागले. ‘माझ्या तबकडीला दुसऱ्याची परवानगी कशाला?’ हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. आजची धास्ती नवी नाही. ती या दुकानाच्या जन्मापासूनची आहे.

मग विरोध मावळला कसा? याचे उत्तर सोयीत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर तबकडी शोधणारा ग्राहक डोळ्यांसमोर आणावा. अस्सल तबकडी महाग असे आणि नेहमी मिळतच असे असे नाही. नकली तबकडी स्वस्त, पण ती चालेल याची शाश्वती नसे. तबकडीवर ओरखडा पडला की खेळ संपला. स्टीमने या साऱ्या अडचणी दूर केल्या. खेळ खात्यात नोंदला की तो कोणत्याही संगणकावर, कितीही वेळा उतरवून घेता येतो. खोली बदलली, शहर बदलले, संगणक बिघडला, तरी संग्रह जागच्या जागी राहतो. चाचेगिरी ही मुख्यतः किमतीमुळे नव्हे तर सेवेच्या अभावामुळे फोफावते, असे व्हॉल्व्हचे संस्थापक गेब न्यूएल यांचे मत होते. ज्याचे बिऱ्हाड वर्षा-दोन वर्षांनी हलते, अशा माणसाला या मताचे मर्म सहज कळते.

भारतीय खेळाडूंच्या दृष्टीने 2015 हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षाच्या जून महिन्यात परताव्याचा नियम आला: खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येऊ लागला. नोव्हेंबरमध्ये किमती डॉलरऐवजी रुपयांत लावल्या जाऊ लागल्या. त्यापूर्वी परदेशी व्यवहार करू शकणारे कार्ड नसलेल्या विद्यार्थ्याला हे दुकान लांबूनच पाहावे लागत असे. रुपयांतील अनेक किमती अमेरिकेतील किमतींपेक्षा बऱ्याच कमी ठेवण्यात आल्या. ऑक्टोबर 2022 मध्ये मात्र व्हॉल्व्हने प्रकाशकांना सुचवलेल्या प्रादेशिक किमती वाढवल्या आणि नोव्हेंबर 2023 मध्ये अर्जेंटिना व तुर्कस्तान या देशांतील स्थानिक चलनाच्या किमती बंद करून तेथे डॉलर लागू केला. रुपयाची किंमत हा ग्राहकाचा हक्क नव्हे, ती दुकानदाराची मर्जी आहे, हे त्यावरून भारतीय खेळाडूंच्या ध्यानात आले.

भीतीचे स्वरूप

स्टीमच्या करारात खेळ ‘विकला’ जात नाही, त्याचा परवाना दिला जातो, असे स्पष्ट म्हटलेले आहे. खाते दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. मृत्युपत्राने ते वारसाला देता येईल का, या प्रश्नालाही 2024 मध्ये कंपनीच्या साहाय्य-विभागाकडून नकारार्थी उत्तर मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. म्हणजे आयुष्यभर जमवलेला संग्रह जमवणाऱ्याबरोबरच संपावयाचा. आजोबांच्या कपाटातील पुस्तके नातवाच्या हाती पडतात, तशी येथे सोय नाही.

भारतातील कायद्याने तबकडीवरील आज्ञावलीकडे निराळ्या नजरेने पाहिले होते. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये असा निर्णय दिला की, तबकडीसारख्या माध्यमावर भरून बाजारात विकली जाणारी तयार आज्ञावली ही विक्रीकराच्या दृष्टीने ‘माल’ होय. प्रश्न कराचा होता, खेळाडूच्या हक्कांचा नव्हता. तरीही हाती घेता येणारी वस्तू आणि तारेतून येणारी अनुज्ञा यांतील अंतर त्यावरून उमगते. ज्या वर्षी न्यायालय तबकडीला माल म्हणत होते, त्याच वर्षी ‘हाफ-लाइफ 2’ ने तबकडीचे महत्त्व संपवण्यास आरंभ केला होता.

येथे एक भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे. एखादा खेळ स्टीमच्या विक्रीतून काढून घेतला गेला, तरी ज्यांनी तो आधी घेतला आहे त्यांना तो सामान्यतः उतरवून घेता येतो. धोका पुष्कळदा प्रकाशकाकडून असतो. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ 2014 मध्ये आला. कंपनीच्या सर्व्हरशी जोडल्यावाचून तो चालत नसे. 31 मार्च 2024 रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि पैसे दिलेल्यांच्या हाती काही उरले नाही. यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि युरोपीय संघापुढील तिच्या अर्जावर जुलै 2025 पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

स्पर्धा आली, पण तिचे स्वागत झाले नाही

एकच दुकान मोठे झाले असेल तर दुसरे निघावे, हा अर्थशास्त्रातील सरळ उपाय. डिसेंबर 2018 मध्ये एपिक या अमेरिकी कंपनीने दुसरे दुकान उघडले. स्टीम विक्रीच्या तीस टक्के वाटा घेत होते, एपिकने बाराच टक्के घेण्याचे ठरवले. शिवाय खेळाडूंना ठरावीक काळाने एखादा खेळ फुकट देण्यास आरंभ केला. तरीही 2019 मध्ये ‘मेट्रो एक्झोडस’ हा खेळ काही काळ फक्त एपिककडेच मिळेल असे जाहीर होताच खेळाडू संतापले आणि त्या मालिकेतील जुन्या खेळांवर त्यांनी स्टीमवर प्रतिकूल अभिप्रायांचा भडिमार केला.

मक्तेदारीबद्दल तक्रार करणाऱ्यांनीच स्पर्धकाला दूषणे द्यावीत, हे वरवर विसंगत दिसते. पण खेळाडूचे स्टीमवर काय काय असते ते पाहिले म्हणजे उलगडा होतो. तेथे त्याचे मित्र असतात, अर्धवट खेळलेल्या डावांच्या नोंदी असतात, इतर खेळाडूंचे अभिप्राय असतात. यांतील जवळजवळ काहीच दुसऱ्या दुकानात नेता येत नाही. संग्रह जितका मोठा, तितके उठून जाणे कठीण. शिवाय व्हॉल्व्ह ही खाजगी मालकीची कंपनी आहे; शेअरबाजाराच्या दडपणाखाली ती ग्राहकाला पिळत नाही, अशी पुष्कळांची भावना आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण हा विश्वास मुख्यतः एका माणसावरचा विश्वास आहे. न्यूएल यांच्यानंतर काय, हा प्रश्न त्यांचे चाहतेच एकमेकांना विचारतात.

निर्मात्याची बाजू

खेळ तयार करणाऱ्याची मनःस्थिती याहून फारशी वेगळी नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. असुरांनी पळवलेल्या भावाचा शोध घेणाऱ्या मुलीची ही कथा. तिची पार्श्वभूमी भारतीय पुराणांची आणि राजस्थानी स्थापत्याची. 2017 मध्ये लोकवर्गणीने भांडवल उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न फसला होता. तरी काम पुढे चालले. ऑगस्ट 2020 मध्ये खेळ निन्टेन्डोच्या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये स्टीमसह इतर ठिकाणी आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोचला. तबकड्यांच्या काळात पुण्याच्या संस्थेला न्यूयॉर्क आणि टोकियो येथील दुकानांच्या फळीवर जागा मिळणे अशक्यप्राय होते, हे मान्य करावेच लागेल.

पण या फळीचे भाडेही मोजावे लागते. एखाद्या खेळाची किंमत करासह 500 रुपये आहे असे समजू. अठरा टक्के वस्तू व सेवा कर वजा जाता सुमारे 424 रुपये राहतात, त्यांतील तीस टक्के, म्हणजे 127 रुपये, दुकानाचे, उरले 297. त्यात प्रकाशकाचा वाटा निघावयाचा आणि मग वर्षानुवर्षे राबलेल्या माणसांचे वेतन. 2018 च्या अखेरीस व्हॉल्व्हने आपला वाटा कमी केला खरा, पण एक कोटी डॉलरवरील विक्रीला पंचवीस आणि पाच कोटींवरील विक्रीला वीस टक्के, असा. सवलत मोठ्यांना मिळाली, लहानांचा तीसचा आकडा तसाच राहिला. आणि 2024 या एकाच वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले असता, लहान निर्मात्याचा खेळ कोणाच्या दृष्टीस पडावा हे दुकानाच्या मांडणीवरच अवलंबून राहते.

भारतात बहुतेक लोक खेळतात ते मोबाइलवर आणि तेथे स्टीमची जागा गूगलच्या प्ले स्टोअरने घेतली आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये प्ले स्टोअरच्या देयकपद्धतीबद्दल गूगलला 936.44 कोटी रुपयांचा दंड केला. मार्च 2025 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो 216.69 कोटींवर आणला, तरी कंपनीने आपल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याचा मुख्य निष्कर्ष पुसला नाही. स्टीमविरुद्ध असाच वाद अमेरिकेत चालू झाला आहे. वुल्फायर या खेळनिर्मात्या संस्थेने 2021 मध्ये दावा लावला आणि नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायालयाने त्याला सामूहिक दाव्याचे रूप दिले.

कायद्याने काय साधले

ग्राहकाला मिळालेले जे थोडेफार संरक्षण आहे, ते बव्हंशी कायद्याच्या रेट्याने मिळाले आहे. परतावा देत नाही म्हणून ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक-आयोगाने 2014 मध्ये व्हॉल्व्हवर खटला भरला. 2016 मध्ये तेथील न्यायालयाने तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. फ्रान्समधील ग्राहक-संघटनेने खेळ पुन्हा विकण्याचा हक्क मागितला; 2019 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने तो मान्य केला, पण 2022 मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये असा कायदा केला की, जेथे केवळ परवाना मिळतो तेथे तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ हे शब्द वापरता येणार नाहीत. त्यानंतर, ऑक्टोबर 2024 पासून, पैसे भरण्यापूर्वी स्टीम ही सूचना दाखवू लागले. मालकी मिळाली नाही, पण निदान शब्द खरे झाले.

खेळाडूंच्या दुहेरी भावनेला कृतघ्नपणा म्हणणे चूक ठरेल. ज्या व्यवस्थेने त्यांना स्वस्त, सोयीची आणि जगाशी जोडणारी करमणूक दिली, तिचे ऋण ते मानतात. पण घर चांगले आहे म्हणून भाडेकरूला कराराची चिंता वाटू नये, असे नाही. दुकानदार आज सज्जन आहे, एवढ्यावर उद्याचा हक्क उभा राहत नाही. 2008 मध्ये पोलंडमध्ये सुरू झालेले ‘गॉग’ हे दुकान खेळाची प्रत ग्राहकाला आपल्याजवळ साठवून ठेवू देते, आणि ती चालवण्यासाठी दुकानाची पुन्हा परवानगी लागत नाही. तेव्हा वेगळी व्यवस्था अशक्य आहे, असे म्हणता येत नाही. ती सर्वत्र यावी की नाही, हा निर्णय केवळ खेळाडूंपुरता राहिलेला नाही. पुस्तके, संगीत आणि चित्रपट हेही त्याच मार्गाने परवाने होऊ लागले आहेत. ग्रंथालयांनी आपल्या फळ्यांवर पुढील पिढीसाठी काय ठेवावे, हेही त्या निर्णयावर ठरणार आहे.