फळी, करवत आणि छतावरचे हत्ती

फळी कापताना मागे उभं राहून "जोर लाव, जोर!" म्हणणारे एक काका ग्वाल्हेरच्या लष्करमधल्या प्रत्येक मराठी घरात असतात. आमच्याकडे दोन आहेत. गेल्या पावसाळ्यात मांडणीसाठी सागवानी फळी कापायला बसलो, तेव्हा दोघांचं ऐकून मी करवतीवर अंग टाकलं. पातं धनुष्यासारखं वाकलं आणि खाचेत रुतून बसलं. पलीकडे दाराची चौकट बसवत असलेला सुतार मान वर न करताच म्हणाला, "दबाओ मत भैया, चलने दो।"

भौतिकशास्त्र त्या सुताराच्या बाजूनं आहे.

करवत ताकदीनं कापते, हा समज मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडचिड होते. यातली निम्मी चूक 'ताकद' या शब्दाची. बल, कार्य आणि शक्ती या तीन वेगळ्या गोष्टी आपण शाळेत शिकतो आणि बाहेर पडताच एका पोत्यात भरतो. 1874 सालच्या जयविलास महालातली झुंबरं आठवा. एकेक साडेतीन टनांचं. ती टांगण्याआधी छत पेलतं का, हे पाहायला वर हत्ती चढवले, अशी गोष्ट आपण पाहुण्यांना सांगतो. हत्ती आठ की दहा, ते सांगणाऱ्याच्या उत्साहावर. गोष्ट खरी धरली, तरी छतावर नुसतं उभं राहून त्या हत्तींनी काम किती केलं? शून्य. बल प्रचंड, पण त्या बलाच्या दिशेनं काही सरकलंच नाही.

करवतीवर टाकलेला भार असाच असतो. तो खाली, करवत चालते आडवी. दात लाकडाला टेकण्यापुरता भार हवा, आणि त्याला पात्याचं वजन आणि हाताचं ओझं पुरतं. त्याहून दाबलं की दात खोल घुसतात, दातांमधल्या खाचा भुशानं गच्च भरतात, भुसा बाहेर पडत नाही आणि पातं अडतं. कापणारं बल वेगळंच आहे: करवत पुढे ढकलायला लागतं ते.

ते मोजता येतं. माझ्या करवतीच्या टोकाला भोक आहे. त्यात तारेचा आकडा घालून रद्दीवाल्यांकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा अडकवला. भाच्यानं ओढलं, मी मूठ नुसती सांभाळली. काटा पाच किलोच्या आसपास राहिला, म्हणजे सुमारे 50 न्यूटन. करवत दाबली तेव्हा तो आठ-नऊवर गेला, तोही गचके खात.

आता हिशेब. एक फटका 40 सेंटिमीटरचा, म्हणजे 50 गुणिले 0.4, 20 ज्यूल. 20 सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड फळी तिसेक फटक्यांत तुटली: 600 ज्यूल. साठ किलोचा माणूस पाच-सहा पायऱ्या चढतो, तेवढंच काम! ग्वाल्हेर दरवाज्यातून किल्ल्यावर चढायचं, म्हणजे सुमारे 300 फूट उंची गाठायची, तर अशा नव्वदेक फळ्या होतील. किल्ला चढताना मात्र "जोर लाव" म्हणत कुणी मागे येत नाही.

सेकंदाला एक फटका धरला तर शक्ती 20 वॅट. धडधाकट मजूर आठ तासांच्या पाळीत सरासरी 75 वॅटच्या आसपास देऊ शकतो, असं मार्क्सचं यांत्रिकी अभियांत्रिकीचं हँडबुक सांगतं. म्हणजे एका हॉर्सपॉवरचा दहावा हिस्सा. त्यामुळे दम लागतो तो लाकडापायी कमी आणि बोथट दात, वाकडी बैठक, आवळून धरलेली मूठ यांपायी जास्त. लोहिया बाजारातून एक तिकोनी कानस आणा. व्यायामशाळेच्या फीपेक्षा स्वस्त पडेल.

मग विजेवर चालणाऱ्या करवतीच्या मशीनवर 1200 वॅट का लिहितात? एक तर तो आकडा मशीन किती वीज ओढतं त्याचा आहे, पात्याला किती मिळते त्याचा नाही. दुसरं, घाई. मशीनचं पातं जाड, भुसा जास्त. काम 900 ज्यूल धरा. ते दोन सेकंदांत उरकायचं तर 450 वॅट पात्यावरच हवेत, शिवाय गाठ आली तर शिल्लक हवी. आणि मार्बल कटरला लाकडाचं पातं बसवून काम भागतं, हा गैरसमज बोटं घालवणारा आहे. ते यंत्र लाकडासाठी नाहीच.

बाकीचे गैरसमज किरकोळ. ओलं लाकूड जास्त कडक? उलट. ओलावा सुमारे 30 टक्क्यांखाली उतरू लागला की लाकूड बळकट होत जातं, हे अमेरिकी वनउत्पादन प्रयोगशाळेच्या 'वुड हँडबुक'मध्ये आहे. ओल्यात करवत अडते ती तंतू पिंजतात आणि खाच मिटते म्हणून. मेण लावल्यानं धार येते? नाही, पात्याच्या बाजू घसरतात एवढंच. एकच करवत उभी-आडवी सारखी कापते? उभ्या कापाचे दात पटाशीसारखे, आडव्याचे सुरीसारखे. अदलाबदल केली की घाम जास्त. दात आलटून पालटून डावी-उजवीकडे वाकलेले, म्हणजे करवत खराब? तसे नसते तर ती पहिल्या इंचातच अडकली असती.

काट्यावरचा पाच किलोचा आकडा मी थोरल्या काकांना दाखवला. चष्मा वर करून त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "रद्दीवाल्याचा काटा तो. कमीच दाखवणार."