मनगटावरची शुगर: आकडा दिसतो, पण कशाचा?

आजचा विषय तुम्हीच दिला. अमरावती-अकोल्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एकच: "भाऊ, दीड-दोन हजाराचं घड्याळ सुई न टोचता शुगर दाखवते म्हणते. बाबांसाठी घेऊ का?"

शुगरसाठी घेत असाल तर नका घेऊ. पावलं मोजायला खुशाल घ्या. काहून, ते सांगतो.

कोरोनात घरोघरी ऑक्सिमीटर आलं. बोटावर लाइट पडला की ऑक्सिजन कळायचा. मग शुगर का नाही कळत? ऑक्सिमीटर बघतं हिमोग्लोबिन. लिटरभर रक्तात ते साधारण १५० ग्रॅम असतं, भडक लाल असतं, आणि ऑक्सिजन कमी झाला की त्याचा रंग बदलतो. आता शुगर बघा. रिपोर्टमधली १०० म्हणजे लिटरला फक्त १ ग्रॅम. अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा साखर! तीही विरघळलेली, बिनरंगाची. इन्फ्रारेड प्रकाशात तिची खूण सापडते, पण पाणी, चरबी, प्रथिनं यांच्या खुणा तिथेच गर्दी करून असतात. वरून घाम, त्वचेचं तापमान, पट्टा सैल की घट्ट. आपल्या अकोल्याच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

घाम म्हटल्यावर ग्लुकोवॉच आठवलं. २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मंजूर केलेलं घड्याळ. बारीकसा करंट देऊन त्वचेतून द्रव ओढायचं. त्याला आधी बोट टोचून जुळवून घ्यावं लागे, त्वचा लाल व्हायची, घाम आला की रीडिंगच गाळायचं. शेवटी बाजारातून गेलं. त्याच एफडीएने २१ फेब्रुवारी २०२४ ला सांगितलं की त्वचेला न टोचता स्वतःहून शुगर मोजणारं एकही स्मार्टवॉच किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही.

दंडावर चिकटवायचा सीजीएम सेन्सर वेगळा. त्याची केसासारखी तार त्वचेखाली जाते आणि पेशींमधल्या द्रवातली साखर मोजते. रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असते, पण मोजते खरंच. त्याचा आकडा कुणाच्या घड्याळावर दिसत असेल, तर घड्याळ फक्त निरोप्या आहे.

"पण दुकानात लावून पाहिलं, बरोबर आलं ना!" येणारच. धडधाकट माणसाची शुगर उपाशीपोटी नव्वदच्या आसपास आणि जेवणानंतर सव्वाशेच्या आसपास, हे सांगायला सेन्सर कशाला लागतो? परीक्षा होते ती ५५ ला किंवा ३२० ला.

मीटर तरी कुठे अगदी काटेकोर असतं? त्याचं आंतरराष्ट्रीय माप, आयएसओ १५१९७, असं सांगतं: शुगर १०० किंवा वर असेल तर ९५ टक्के रीडिंग लॅबच्या १५ टक्के आत हवीत, १०० च्या खाली १५ अंकांच्या आत. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर १७० ते २३० चालतं. त्यामुळे पाच-दहाच्या फरकावरून घरात भांडू नका.

खरी भीती वेगळी आहे. बाबा इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेतात, शेतातून उशिरा आले, जेवण राहिलं. दरदरून घाम, हात थरथरतात. घड्याळ म्हणते ११८. घरचे म्हणतात, ऊन लागलं, पडू द्या जरा. आणि शुगर असते ५५! अशा वेळी मीटर लावा. ७० च्या खाली असेल, किंवा मीटर हाताशीच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका, थेट दवाखाना गाठा.

ज्यांनी घड्याळ आधीच घेतलं, त्यांनी त्याच्या आकड्यावर गोळी किंवा इन्सुलिनचा डोस कमी-जास्त करू नये. डॉक्टरांना मीटरची वही दाखवा. आणि हो, मीटर लावायच्या आधी हात धुऊन पुसा. आंबा खाल्लेल्या बोटाची शुगर लय वाढलेली निघते, ती बाबांची नसते, आंब्याची असते.

भेटू पुढच्या भागात.