परदेशातला वर्ग आणि नाशिकची शाळा

महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. ज्यांचे नाव या योजनेला आहे, त्या शाहू महाराजांनी १९२० साली नाशिकला येऊन उदोजी मराठा वसतिगृहाची पायाभरणी केली होती. आज नाशिकच्या वस्त्यांतली पोरेही लंडनची स्वप्ने पाहतात. याचा आम्हाला अभिमान आहे. पण तिकडे गेल्यावर त्यांनी काय करावे, यावर दोन शब्द बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून जवळच्या शाळेत जातात. लहान मुलांना वाचायला मदत करतात, गणित समजावतात, आपल्या देशाविषयी सांगतात. आपल्या विद्यार्थ्यांनी या कामात आवर्जून नाव नोंदवावे. पालक म्हणतील, पोराला शिकायला पाठवले, शाळा तपासायला नव्हे! त्यांची काळजी खरी आहे; अभ्यास पहिला. परंतु आठवड्यातला एखादा तास दिल्याने पदवी बुडत नाही.

त्या वर्गात भारताची ओळख कोण करून देणार? ताजमहाल आणि योगासने सांगणारे पुष्कळ आहेत. मंदिराचे दार उघडावे म्हणून २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर माणसांना सत्याग्रह करावा लागला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षे चालवला, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, हे आपल्या मुलांनी नाही सांगायचे तर कोणी?

हे सांगणे आता अधिकच निकडीचे झाले आहे. २०२२ साली केंद्र सरकारने आपल्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेलेल्या बाबासाहेबांनी १९१५ साली एम.ए.साठी प्राचीन भारतातील व्यापारावर लिहिले. ९ मे १९१६ रोजी तिथेच भारतातील जातींवर निबंध वाचला. असा नियम तेव्हा असता तर? प्रबंधाचा विषय सरकार अडवू शकते. शाळेच्या वर्गात उभे राहून आपला इतिहास सांगणाऱ्याचे तोंड मात्र हा नियम बंद करू शकत नाही.

मात्र गोऱ्यांच्या मुलांना शिकवून आलेला आपला पदवीधर नाशिकच्या महापालिका शाळेची पायरी चढत नसेल, तर ती सेवा प्रमाणपत्रापुरतीच म्हणावी लागेल. सुट्टीत आलेल्याने एक दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत जावे. अर्ज कसा भरतात, इंग्रजीची भीती कशी गेली, पैसे वेळेवर आले नाहीत तेव्हा काय केले, हे सातवी-आठवीच्या मुलांना मराठीतून सांगावे. शंभर भाषणांनी होत नाही ते आपल्याच वस्तीतल्या ताईला समोर पाहून होते.

बाबासाहेबांनी परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार १९१३ साली लिहून दिला होता. समाज असा करार कोणाकडून लिहून घेत नाही. म्हणूनच १८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात त्यांनी शिकलेल्या माणसांविषयी बोलून दाखवलेली खंत आजही आपला पाठलाग करते. नव्या पिढीने ती पुसावी. जयभीम!