आभा कार्ड : समज काय आणि खरं काय

‘आभा कार्ड काढलंय, आता ऑपरेशनला पैसे लागणार नाहीत,’ असं समजून रुग्णाला दाखल करणारे नातेवाईक ऐन वेळी अडचणीत सापडतात. आभा म्हणजे विमा नव्हे. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, ते आयुष्मान कार्डावर. आभा हा नुसता १४ अंकी क्रमांक आहे; वेगवेगळ्या ठिकाणी झालेल्या तुमच्या आरोग्याच्या नोंदी त्याला जोडल्या जातात.

जोडल्या जातात, आपोआप जमा होत नाहीत. सर्वांत जास्त गोंधळ इथेच आहे. क्रमांक मिळाला म्हणून दहा वर्षांपूर्वीचा ईसीजी मोबाइलवर उमटत नाही. रुग्णालय किंवा लॅब आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडलेलं सॉफ्टवेअर वापरत असेल आणि तिथे तुमची नोंद आभाला जोडली गेली, तरच ती दिसते. गल्लीतला दवाखाना अजून हातानेच चिठ्ठी लिहितो. ती चिठ्ठी या व्यवस्थेला दिसतच नाही. जुन्या कागदांचे फोटो आभा अ‍ॅपमध्ये तुम्हालाच चढवावे लागतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या किंवा एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने तर फाईल अजिबात टाकून देऊ नये.

सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एका सरकारी संगणकात साठतात, हाही समज चुकीचा. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या या मिशनमध्ये नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती पाहायची असेल तर तुमच्या अ‍ॅपवर विनंती येते. कोणते कागद दाखवायचे, किती दिवसांसाठी, हे तुम्ही ठरवायचं. दिलेली संमती पुढे काढूनही घेता येते. व्यवस्था चांगली आहे, पण केसपेपरच्या खिडकीवर ‘ओटीपी सांगा’ म्हटलं की आपण तो सांगून मोकळे होतो. कशासाठी हवा, हे विचारायचा पूर्ण हक्क रुग्णाला आहे.

नोंदी विखुरलेल्या आहेत म्हणून त्या आपसूक सुरक्षित ठरत नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथलं काम हाताने करावं लागलं. ज्या रुग्णालयात नोंद राहते, तिथली दक्षता हीच तिची सुरक्षा.

आभा काढणं ऐच्छिक आहे. क्रमांक नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

ज्यांनी तो काढला आहे, त्यांनी घरी सोडताना एवढं जरूर विचारावं : ‘आमचं डिस्चार्ज कार्ड आभाला जोडलं का?’ आणि कागदी प्रतही मागून घ्यावी.