सेबॅगोकाठचं माहेर

'वोहेलो' हा शब्द कानावर पडला की तो अमेरिकेतल्या एखाद्या आदिवासी जमातीच्या बोलीतला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात वर्क, हेल्थ आणि लव्ह या तीन इंग्रजी शब्दांच्या स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरं एकमेकांना चिकटवून तो बनवला आहे. काम, आरोग्य, प्रेम. १९०७ साली मेन राज्यातल्या सेबॅगो सरोवराच्या काठी ल्यूथर आणि शार्लट गुलिक या दांपत्याने मुलींसाठी उन्हाळी कॅम्प उभा केला, त्याचं हे नाव. सव्वाशे वर्षं व्हायला आली, कॅम्प चालू आहे.

ल्यूथर गुलिक पेशाने डॉक्टर. जन्म हवाई बेटांवरच्या मिशनरी कुटुंबातला. त्यांचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नाही, पण त्यांच्या एका फर्मानाचं फळ आपल्या गल्लीतल्या शाळेच्या मैदानावरही दिसतं. १८९१च्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ आणि आत कंटाळलेली पोरं अशी स्थिती असताना, 'छपराखाली खेळता येईल असा एखादा खेळ शोध' असं त्यांनी हाताखालच्या जेम्स नेस्मिथला सांगितलं. त्यातून बास्केटबॉल जन्मला. शरीर, बुद्धी आणि आत्मा दाखवणारा वायएमसीएचा त्रिकोणही गुलिकांचाच. पुढे ते न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाचे प्रमुख झाले.

पण कॅम्प हा शार्लटबाईंचा संसार. आधी कित्येक उन्हाळे गुलिक मंडळी कनेक्टिकटमध्ये नदीकाठी तंबू ठोकून राहत. स्वतःची मुलं, भावंडांची मुलं, ओळखीपाळखीच्या मुली असा गोतावळा. सेबॅगोला आल्यावर त्या हौसेची संस्था झाली.

मुलींनी घराबाहेर रानात राहायचं, ही गोष्ट तेव्हा सहज पचणारी नव्हती. १९०२ साली लॉरा मॅटून या न्यूयॉर्कच्या शिक्षिका मोजक्या विद्यार्थिनींना घेऊन न्यू हॅम्पशायरमधल्या एका तळ्यावर गेल्या. तोच मुक्काम पुढे 'किहोंका' कॅम्प झाला. त्याच वर्षी मेनमध्ये 'वायोनेगॉनिक' सुरू झाला. १९०५ साली गुलिक घराण्याच्याच दुसऱ्या जोडप्याने व्हर्माँटमध्ये 'अलोहा' काढला. या मुलींचा पोशाख म्हणजे खलाशी कॉलरचा सैल ब्लाउज आणि गुडघ्याखाली चुणीदार विजार. घरी याच मुली घोळदार झग्यात बसत. इथे त्या होडी वल्हवत, लाकडं फोडत, दोन-दोन महिने आईच्या नजरेआड राहत. आपल्याकडे मे महिन्यात मुली आजोळी जात, झाडावर चढत, विहिरीत पोहायला शिकत. ते फुकट होतं. सेबॅगोचं आजोळ विकत घ्यावं लागे, आणि ते परवडणारी घरं मोजकीच होती.

हा अनुभव खिसा हलका असलेल्या मुलींपर्यंतही पोहोचावा म्हणून गुलिकांनी १९१० साली 'कॅम्प फायर गर्ल्स' ही देशव्यापी संघटना उभारली. तिचा गाभा वोहेलोतूनच आला होता. पायऱ्या तीन: लाकूड गोळा करणारी, अग्नी पेटवणारी, मशाल धरणारी. प्रत्येक कामगिरीबद्दल एक रंगीत लाकडी मणी, आणि मण्यांची माळ गळ्यात. पोहण्याला मणी, झाडं ओळखण्याला मणी आणि ब्रेड भाजण्यालाही मणी. जेवणाच्या मधल्या वेळात गोळ्या, च्युइंगगम, सोडा यांना महिनाभर तोंड लावलं नाही तर त्याचाही. घरकामाची अशी मोजदाद करावी आणि त्याला मान द्यावा, हा विचार मला आजही धीट वाटतो. पण त्याच गुलिकांना मुलींनी मुलांच्या स्काउटची नक्कल करणं मुळीच मान्य नव्हतं. बाईची खरी जागा चुलीपाशी, यावर त्यांचा ठाम विश्वास. एका हाताने वल्हं द्यायचं आणि दुसऱ्या हाताने चूल दाखवायची, असला तो मामला. आपल्याकडे कॅम्प फायरऐवजी रुजली ती मुलींची गाइड चळवळ. पुण्यात १९६६ साली उघडलेलं 'संगम' हे तिचंच जागतिक केंद्र.

असे जुने कॅम्प जतन करण्याचा विषय निघाला की सगळ्यात अवघड जागा मला नावापाशीच दिसते. तेव्हाच्या कॅम्पांत आदिवासी धर्तीचे झालरीचे झगे, कपाळपट्ट्या, शेकोटीभोवतीचे विधी, प्रत्येकीचं एक स्वतः रचलेलं 'इंडियन' नाव. शार्लटबाईंचं नाव 'हिइतेनी'. त्याच वर्षांत खऱ्याखुऱ्या आदिवासींची मुलं सरकारी वसतिशाळांत डांबली जात होती, त्यांचे केस कापले जात होते, आपली बोली बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होत होती. ज्यांची संस्कृती मोडून काढायची, तिचाच वेश शहरी मुलींनी सुट्टीत घालायचा. गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या अनेक कॅम्पांनी असली नावं आणि विधी सोडले. जुन्या मुलींना हळहळ वाटली. वाटणारच, बालपणाची शेकोटी ती. पण परंपरा म्हणून सगळंच फडताळात जपून ठेवायचं नसतं.

जमिनीचं दुखणं निराळं. सेबॅगो हे मेनमधलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं सरोवर. पोर्टलंड शहर त्याचंच पाणी पितं. अशा काठावरच्या प्रत्येक फुटाला बंगलेवाले टपलेले. कॅम्प चालतो जेमतेम आठ आठवडे, घरपट्टी मात्र बारा महिन्यांची. मालकाची पुढची पिढी वाटण्यांना बसली की पाइनचं रान विकून मोकळं होणं सोपं पडतं. किती तरी कॅम्प असेच संपले. किहोंकाही बंद पडला. यावर तिकडे एक कायदेशीर तोडगा आहे. जमीन आपल्याच नावावर ठेवायची, पण तिच्यावर बांधकाम करण्याचा, तुकडे पाडण्याचा हक्क कायमचा सोडून देऊन तसा करार संवर्धन न्यासाशी करायचा. बिल्डरच्या लेखी जमिनीची किंमत घसरते, त्यामुळे बहुधा कराचा बोजाही हलका होतो. पुढचा मालक कुणीही येवो, अट जमिनीला चिकटलेलीच. आपल्या कोकणातल्या खाडीकाठांकडे बघताना हा तोडगा हमखास आठवतो.

इमारती म्हणाल तर कौतुकाने बघावं असं त्यांच्यात काही नाही. दगडी पायांवर टेकवलेल्या लाकडी खोल्या, भिंतींच्या जागी जाळ्या. थंडीत जमीन गोठून फुगते, दगड सरकतात, खोली कलते. छपरावर पाइनच्या सुया साचून लाकूड कुजतं. डागडुजी करणारा सुतार हाताशी असला की त्या शंभर वर्षं टिकतात. जाळीच्या जागी काच आणि हीटर बसवले तर खोली टिकेल, पण मग रात्री सरोवरावरच्या लून पक्ष्याची हाक ऐकू यायची नाही. म्हणून जुन्या कॅम्पांतून गैरसोय हट्टाने सांभाळली जाते: फोन नाही, घरी कळवायचं ते पत्राने.

आणि या गैरसोयीची राखण करतात त्या माहेरवाशिणी. अशा कॅम्पांच्या भिंतींवर आणि तुळयांवर दर हंगामाच्या मुलींची नावं लिहिलेली असतात. आई मुलीला सोडायला येते ती आधी आपलं नाव शोधते, मग आजीचं. छप्पर गळायला लागलं की वर्गणीचं पहिलं पाकीट यांचंच.

१९१८च्या ऑगस्टमध्ये, ऐन हंगामात, ल्यूथर गुलिक याच काठावर वारले. ऑगस्ट सरला की अजूनही तेच आवरणं असतं. होड्या वर ओढायच्या, नळांतलं पाणी थेंब न् थेंब काढून टाकायचं, नाहीतर ते गोठून नळ फुटतात. सगळ्यात शेवटी पाण्यात उभा असलेला लाकडी धक्का सुटा करून काठावर रचायचा, कारण बर्फ त्याचा चुरा करतं. जूनमध्ये तो पुन्हा जोडायचा.