विश्लेषण : ऑटोमॅटिक घड्याळ ‘वाइंडर’वर ठेवणे खरेच गरजेचे आहे का?

घड्याळ बंद राहिले की खराब होते, असे सांगून वाइंडर विकला जातो. प्रत्यक्षात तो सोय आहे, देखभाल नव्हे. जुन्या घड्याळाच्या बाबतीत तर तो उलटा पडू शकतो.

शुक्रवारी रात्री मनगटावरून काढून ठेवलेले ऑटोमॅटिक घड्याळ सोमवारी सकाळी हातात घ्यावे, तर ते रविवारीच केव्हातरी थांबलेले असते. अशी घड्याळे वापरणाऱ्यांना हे नवे नाही. यावर उपाय म्हणून बाजारात ‘वॉच वाइंडर’ मिळतात. वाइंडर म्हणजे एक पेटी. तिच्यातली छोटी मोटर घड्याळ हळूहळू फिरवत राहते. किंमत काही हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंत. पण हा खर्च घड्याळाच्या आयुष्यासाठी आहे की मालकाच्या सोयीसाठी?

ऑटोमॅटिक घड्याळ चालते कसे?

या घड्याळात बॅटरी नसते. आत अर्धवर्तुळाकार वजनदार तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ही स्प्रिंग सुटत जाते तसे काटे पुढे सरकतात. मनगटी घड्याळात ही पद्धत १९२०च्या दशकात ब्रिटिश कारागीर जॉन हारवूड यांनी आणली. १९३१ मध्ये रोलेक्सने पूर्ण गोल फिरणारा रोटर आणला आणि पुढे तीच रचना सर्वत्र रूढ झाली.

पूर्ण किल्ली भरलेले साधारण ऑटोमॅटिक घड्याळ सुमारे ४० तास चालते. काही नव्या घड्याळांत हा साठा ७० ते ८० तासांचा असतो. म्हणजे शनिवार-रविवार विश्रांती घेऊनही ती सोमवारी चालू सापडतात.

सतत फिरवल्याने जास्त किल्ली बसते का?

नाही. हाताने किल्ली द्यायच्या घड्याळात स्प्रिंगचे टोक पक्के अडकवलेले असते. ऑटोमॅटिकमध्ये ते डबीच्या भिंतीला नुसते दाबून धरलेले असते. स्प्रिंग पूर्ण भरली की टोक भिंतीवरून घसरते आणि जादा ताण निघून जातो. त्यामुळे स्प्रिंग तुटण्याची भीती नाही. मात्र दिवसभर गरज नसताना फिरवत राहिल्यास हे घसरणे सतत होत राहते. म्हणूनच चांगला वाइंडर थोडा वेळ फिरतो आणि बराच वेळ थांबतो.

बंद घड्याळातले तेल गोठते का?

वाइंडरच्या बाजूने सर्वाधिक वापरला जाणारा मुद्दा हाच. पूर्वी घड्याळांत प्राणिजन्य तेले वापरली जात. ती काळानुसार घट्ट होत, तेव्हा या म्हणण्यात तथ्य होते. आजची कृत्रिम तेले बरीच टिकाऊ आहेत. तीही कालांतराने सुकतात, पण घड्याळ चालू असले तरी आणि बंद असले तरी. वाइंडरने सर्व्हिसिंग टळत नाही.

उलट बाजूही पाहायला हवी. आजच्या अनेक घड्याळांचे बॅलन्स चक्र तासाला २८,८०० ठोके देते. दिवसाला ते होतात ६,९१,२०० आणि वर्षाला २५ कोटींहून अधिक. कपाटात थांबलेल्या घड्याळाची ही झीज होत नाही, वाइंडरवरच्या घड्याळाची होते. तेल चांगले असेल तर ही झीज नगण्य असते. तेल सुकले असेल तर नसते.

वडिलांचे जुने घड्याळ वाइंडरवर ठेवावे का?

सावध राहायला हवे ते इथेच. अनेक घरांत वडिलांचे वा आजोबांचे एचएमटी किंवा सिको ऑटोमॅटिक कपाटात पडून असते. ते आधी कारागिराकडून उघडून साफ करून, तेल घालून घेणे आवश्यक आहे. तसे न करता वाइंडरवर चढवले, तर कोरड्या चक्रांचे बारीक धातूचे टोक तेलाविना घासत राहते. जुन्या घड्याळांचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. आठवण जिवंत ठेवण्याच्या नादात ती कायमची बंद पडायची.

मग वाइंडर कोणाच्या उपयोगाचा?

ज्यांच्याकडे ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’सारखे गुंतागुंतीचे घड्याळ आहे, त्यांच्या. अशा घड्याळात तारीख, वार, महिना आणि लीप वर्षही आपोआप सांभाळले जाते. ते महिनाभर बंद राहिले तर सगळे पुन्हा जुळवणे किचकट असते. काहींमध्ये तारीख मागेही घेता येत नाही. तीन-चार घड्याळे आलटून-पालटून घालणाऱ्यांनाही वाइंडरची सोय होते.

साध्या तारखेच्या घड्याळात मात्र फायदा मर्यादित आहे. ३१ पेक्षा कमी दिवसांच्या महिन्यांनंतर, म्हणजे वर्षातून पाच वेळा, तारीख हाताने बदलावीच लागते. वेळेचेही तसेच. दिवसाला २० सेकंद पुढे जाणारे घड्याळ महिनाभर वाइंडरवर राहिले, तर ते १० मिनिटे पुढे गेलेले असेल.

घ्यायचाच असेल तर काय पाहावे?

दिवसाला किती फेऱ्या आणि कोणत्या दिशेने, हे दोन्ही ठरवता आले पाहिजे. बहुतेक घड्याळांना दिवसाला ६५० ते ९५० फेऱ्या पुरतात. काही घड्याळे दोन्ही दिशांना फिरल्यावर भरतात, काही एकाच दिशेने. दिशा चुकली तर घड्याळ दिवसभर फिरूनही बंद पडते. स्वस्त वाइंडरमध्ये मोटरच्या चुंबकाला आवरण नसेल, तर घड्याळाच्या आतील केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित होऊन घड्याळ अचानक पुढे जाऊ लागते.

वाइंडर नसेल तर काय करावे?

थांबलेल्या घड्याळाची किल्ली २० ते ३० वेळा फिरवावी, वेळ लावावी आणि हातात घालावे. सिको ५च्या अनेक जुन्या मॉडेलमध्ये हाताने किल्ली देता येत नाही. ती अर्धा मिनिट आडवी हलकेच हलवली की सुरू होतात. रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत काटे असताना तारीख बदलू नये. त्या वेळी तारखेची चक्रे गुंतलेली असतात आणि दाते तुटू शकतात. आधी काटे साडेसहाच्या आसपास आणावेत, मग तारीख लावावी.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत घड्याळ कोरड्या डबीत, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवणे अधिक महत्त्वाचे. घड्याळ रोज वापरात असो वा नसो, कंपनीने सांगितलेल्या मुदतीत सर्व्हिसिंग करून घ्यावे. ही मुदत साधारण ५ ते १० वर्षांची असते. एकच घड्याळ असलेल्याने वाइंडरचे पैसे त्यासाठी राखून ठेवलेले बरे.