चढाई, चारशे मीटर आणि कलर कोट

गोंदिया जिल्ह्यातील कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यार्थीसंख्या बेताची असली, की कबड्डी, खो-खो आणि ॲथलेटिक्सच्या संघांत बहुधा तीच तोंडे दिसतात. चढाईपटूचा पहिल्या चार पावलांतला झपाटा धावपट्टीवरही कामी येतो. घोळ होतो तो स्पर्धांच्या तारखा एकमेकींवर आल्या, की. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतून विद्यापीठ संघात निवड झालेला खेळाडू ‘कलर होल्डर’ म्हणवला जातो. त्याला मिळणाऱ्या ‘कलर कोट’ची मिजास काही औरच. पुढची वाट खेळागणिक वेगळी: कबड्डीचा संघ आधी पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतो, धावपटू थेट अखिल भारतीय स्पर्धेत उतरतो. राज्यातील विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव निराळाच. पंचविशी ओलांडली, की आंतरविद्यापीठ स्पर्धांचे दार बंद.

मग अनेकांची पोलीस भरती. तिथल्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत शिपाईपदासाठी पुरुषांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. दम, वेग, ताकद तिन्ही पाहिले जात असल्याने चार खेळ खेळलेले अंग इथे उपयोगी पडते. शासकीय नोकरीतील ५ टक्के खेळाडू आरक्षणाला मात्र विहित स्पर्धांतले यशच लागते.